बायरॅड्सचा आकडा आणि गाठीचे रूप
ताई, आपल्या कोल्हापूरच्या वहिनींच्या स्तनाच्या सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ४ए’ (बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीत कर्करोगाची शंका किती, हे सांगणारी श्रेणी) असा शेरा येताच घरच्यांनी तो कर्करोगच मानला, हे वाचून वाईट वाटले. या वर्गात ती शक्यता २ ते १० टक्के धरली जाते. तरीही बायोप्सी मुळीच टाळू नये. कर्करोगाची शंका आणणारी गाठीमागची काळी सावली जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे किंवा मार लागून मृत झालेल्या चरबीमुळेही दिसू शकते. उलट गुळगुळीत कडांची, फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी (कर्करोग नसलेल्या साध्या गाठीसारखी) भासणारी गाठ कधी ट्रिपल निगेटिव्ह या आक्रमक प्रकारच्या कर्करोगाची निघते, आणि मला हीच फसगत अधिक गंभीर वाटते. म्हणून बायोप्सीत काही आढळले नाही, पण तो निष्कर्ष सोनोग्राफीतील चित्राशी जुळत नसेल, तर रेडिओलॉजिस्टना पुन्हा नमुना घेण्याविषयी अवश्य विचारावे.