सायकल मार्गावरची जाळी: तक्रार परस्पर ‘निकाली’, आता पुढे काय?

मदत हवी आहे. रोजच्या सायकल मार्गावर उतार संपतो तिथे, ऐन वळणावर, पावसाचं पाणी जाण्यासाठी लोखंडी जाळी आहे. तिच्या फटी रस्त्याला आडव्या हव्यात, त्या चाकाच्या दिशेनेच आहेत. फूटपट्टी धरून मोजलं: फट ४ सेंमी. माझा २८ मिमीचा टायर थेट आत जातो. कडेचं डांबरही खचलंय, आणि पाणी साचलं की काहीच दिसत नाही.

ॲपवर तीनदा तक्रार केली, फोटो आणि अचूक ठिकाणासह. पहिली ‘काम पूर्ण’ म्हणून बंद (शेजारचा खड्डा बुजवला, जाळी तशीच!). दुसरीला उत्तर, ‘आमच्या हद्दीत नाही’. तिसरी नुसतीच पडून. मग लेखी अर्ज दिला, शिक्क्याची पोच आहे, पण सहा आठवडे झाले, उत्तर नाही.

रस्ता बदला म्हणू नका, दुसरीकडे अवजड वाहनं आहेत. रुंद टायर मी लावेन हो, पण शाळेची मुलंही इथूनच जातात. एकजण पडलाय, मात्र तो लेखी द्यायला तयार नाही.

जाळी निचरा विभागाची की रस्ते विभागाची, हे लेखी कसं मिळवायचं? आणि दोघांना वेगवेगळे अर्ज द्यावेत, की एकाच अर्जाच्या प्रती, म्हणजे त्यांना एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही?