चर्चने निर्वासितांच्या मुलांसाठी सरकारकडे पैसे का मागायचे?

सुलभा_म्हापसा
नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण टेक्सासला असते, लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर तिथल्या चर्चला जाते. परवा फोनवर सांगत होती की मिस्सा संपल्यावर दारातच टेबल मांडून सह्या घेत होते, निर्वासितांचे आणि आईबापांशिवाय एकटी बॉर्डरवर आलेल्या मुलांचे पैसे कापू नका असं खासदाराला पत्र. तिने सही केली नाही, म्हणाली विचार करते. मलाही नीट कळेना. आपल्याकडे पूर आला की इगर्जीत तांदूळ-कपडे गोळा करतात ते समजतं, पण धर्माचं काम धर्माने करावं ना, सरकारपुढे हात कशाला पसरायचा? टोमणा नाही हां, खरंच विचारतेय.

फ्रान्सिस_वास्को
सुलभाताई, मी मूळ सावंतवाडीचा, ख्रिस्ती आहे, म्हणून लिहितो. परक्याला घरात घ्या हे येशूचं सांगणं आहे (बायबल, मत्तय २५), आणि तो स्वतः तान्हा असताना हेरोद राजाच्या भीतीने आईबापांनी त्याला घेऊन रातोरात मिसर म्हणजे इजिप्त गाठलं होतं, त्यामुळे हा विषय आम्हाला लांबचा वाटतच नाही.
पण अमेरिकेतला कायदा बघा. एकटं मूल सापडलं की बॉर्डरवाल्यांनी त्याला ७२ तासांच्या आत निर्वासितांच्या सरकारी ऑफिसकडे सोपवायचं, हे २००८ च्या कायद्यात आहे. म्हणजे मुलाचा ताबाच सरकारकडे, कुठलाही फादर उठून त्याला घरी घेऊन जाऊ शकत नाही. निवारा बऱ्याचदा चर्चच्या संस्था चालवतात, पण पैसा सरकारी. २०१४ साली मेक्सिकोच्या बॉर्डरवर अशी ६८ हजारांवर मुलं पकडली गेली, आणि ऑफिस एकच असल्यामुळे मोठ्या निर्वासितांचे पैसे मुलांकडे वळवायची वेळ आली. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढू नका, ताटं वाढवा, एवढंच तेव्हा चर्चवाले संसदेला सांगत होते.
आणि मदत बंद झाली की काय होतं तेही दिसलंच. २०२५ मध्ये सरकारने पैसे थांबवले आणि कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निर्वासितांच्या पुनर्वसनाचे सरकारशी असलेले करार पुढे चालवायचे नाहीत असं जाहीर केलं. इतक्या वर्षांचं काम, नुसत्या वर्गणीवर कसं चालवणार?

रघू_फोंडा
पटतंय थोडंसं. पण पैसे दिले की आणखी मुलं येणार ना? आईबाप मुद्दाम पाठवत असतील तर? आणि टॅक्स भरणाऱ्याने काय करायचं?

मडगावची_नीता
रघूबाब, काही जण पाठवतही असतील, पण होंडुरास, ग्वाटेमालामधून टोळ्यांच्या भीतीने पोर बाहेर काढणारी आई हौसेने काढत नाही हो.
मी आमच्या ग्रुपबरोबर मडगाव स्टेशनवर जायचे त्यातली एक गोष्ट सांगते. साधारण अकरा वर्षांचा मुलगा, बाकड्याच्या टोकाला बसलेला, दोन्ही चपला हातात घट्ट धरलेल्या, पायात नाहीत. हिंदीत विचारलं, कोंकणीत विचारलं, तोंड उघडेना. शेवटी भेळवाल्याने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि पोरगं भडाभडा रडायलाच लागलं. माझ्या मनात पहिलं आलं की घरी नेते, आंघोळ घालते, जेवायला घालते. पण तसं नाही करता येत, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करायचा आणि चोवीस तासांच्या आत मूल बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, आणि ते बरोबरच आहे कारण माझ्यासारखी दिसणारी दुसरी कोणीही बाई त्याला कुठेही नेऊ शकली असती. आम्ही फक्त शेजारी बसलो, बिस्किटं दिली. ताबा, डॉक्टर, गावचा पत्ता शोधणं, हे सगळं सरकारच्याच हातात. मग त्यासाठी सरकारकडे मागणं म्हणजे भीक कशी?
तिकडे अमेरिकेत तर इमिग्रेशन कोर्टात मुलाला सरकारी वकील मिळेल याची हमीच नाही, लहान पोरं एकटीच जजसमोर उभी राहतात. दुभाषी काय म्हणतो तेवढंच कळतं.

कुडतरीचो_जोकी
आणि गोंयकारांनी तरी विसरू नये. १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या एशियन लोकांना नव्वद दिवसांत जा म्हणून सांगितलं, त्यात आपले कितीतरी गोंयकार होते. आमच्या शेजारच्या म्हातारीचे दीर त्यातलेच, एक बॅग आणि अंगावरचे कपडे. ब्रिटनला जे गेले त्यांना सरकारने लष्कराच्या जुन्या छावण्यांत उतरवलं, आणि गरम कोट घेऊन आल्या त्या चर्चच्या आणि स्वयंसेवक बायका. दोन्ही लागलं. नुसत्या कोटाने घर आणि नोकरी मिळाली नसती.

सुलभा_म्हापसा
जोकीबाब, हे युगांडाचं मला ठाऊकच नव्हतं. नीता, त्या मुलाचं पुढे काय झालं?

मडगावची_नीता
गदगजवळचा निघाला. नवव्या दिवशी मामा न्यायला आला. जाताना चपला पायात होत्या.

सुलभा_म्हापसा
बरं वाटलं ऐकून. बहिणीला आज रात्रीच फोन लावते, येत्या रविवारीही टेबल मांडणार आहेत म्हणाली होती.