न सांगता दिलेलं औषध: मी दिलं, आणि मला ते चूक वाटत नाही

जागती (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन ६ वर्षं झाली. या काळात त्याने तीनदा गोळ्या सोडल्या आणि तिन्ही वेळा घराचं तेच झालं. रात्रभर येरझाऱ्या, खिडक्यांना कागद चिकटवलेले, आंघोळ बंद, आणि शेजारच्यांना आपल्या डोक्यातलं ऐकू जातं म्हणून दिवसभर पुटपुटणं. "मला काही झालेलं नाही, औषध तुम्हीच घ्या," हे एकच उत्तर. गेले १४ महिने मी त्याच्या रात्रीच्या जेवणात थेंब मिसळते. औषध डॉक्टरांनीच लिहून दिलंय, पण भावाला न बघता, माझ्या सांगण्यावरून. थेंबांना रंग नाही, वास नाही, चव नाही.

आता तो झोपतो. कागद त्यानेच काढले. मागच्या महिन्यात एका जुन्या मित्राला त्याने स्वतःहून फोन केला. ते बोलणं मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि तिथेच खाली बसले.

ज्याला स्वतःचा आजार दिसतच नाही, त्याचा नकार प्रमाण मानणं म्हणजे त्याला आजाराच्या हवाली करणं, असं माझं मत आहे. हक्कांची बाजू मलाही कळते. पण पहाटे ३ वाजता तो गच्चीच्या कठड्यावर वाकून उभा होता तेव्हा त्याला मागे ओढायला मी होते, दुसरं कुणी नव्हतं.

अडचण आता निराळीच उभी राहिली आहे. परवा तो म्हणाला, "ताई, बघ, गोळ्यांशिवाय बरा झालो की नाही?" मी "हो" म्हणाले. सांगू नये, आहे तसं चालू ठेवावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

मुलाचा बाबा

ताई, मन खाऊ देऊ नका. तुम्ही केलंत तेच आम्ही ४ वर्षं करतोय. मुलगा कामावर जातो, वेळेवर घरी येतो. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्या एकत्र करून एक आढावा आला होता. औषध चालू असलेल्यांत वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण २७ टक्के, औषधाऐवजी खोटी गोळी मिळालेल्यांत ६४ टक्के. हे आकडे वाचल्यावर मी विचार करणं सोडलं. तापाने फणफणलेल्या लेकराला औषध हवं का म्हणून आपण विचारत बसतो का?

परतलेला

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी ताटावर बसलेला होतो.

माझ्या आजारात घरचे माझ्यावर विषप्रयोग करताहेत असा माझा पक्का समज होता. आणि त्याच वेळी आई माझ्या जेवणात खरोखर काहीतरी मिसळत होती. तुम्ही म्हणाल ते औषध होतं. बरोबर. पण मला पाय एका जागी ठेववत नसत, आतून सतत ढकलल्यासारखं होई, बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं. याला अकॅथिसिया म्हणतात आणि तो या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, हे मला खूप उशिरा कळलं. औषध घेतोय हे माहीत असतं तर डॉक्टरांना सांगता आलं असतं. माहीत नव्हतं, म्हणून मी माझं उत्तर शोधलं: भिंतीतून लहरी सोडतात. म्हणजे आजार बरा करायला दिलेल्या औषधानेच माझ्या भ्रमाला पुरावे मिळत होते.

तिसऱ्या वर्षी बाटली सापडली. तेव्हा मी बऱ्यापैकी ठीक होतो, डोकं शांत होतं. त्या दिवशी मला कळलं की मी वेडा नव्हतो, खरंच मिसळत होते. हे वाक्य माझ्या डोक्यातून जायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी घरात शिजलेलं काही तोंडात घातलं नाही. आई माझ्यासमोर आधी स्वतः घास खाऊन दाखवायची. तो प्रसंग मी कुणाच्याही घरावर येऊ नये म्हणून लिहितोय.

मुलाचा बाबा, तापातलं लेकरू मोठं झाल्यावर "आई मला विष देत होती" असं म्हणत नाही. आमच्या आजारात नेमका तोच संशय असतो.

मात्रा

औषधांच्या दुकानात उमेदीची सगळी वर्षं गेली. नीतीचं तुम्ही बोला, मी कामाचं सांगतो, कारण लोक काय वाट्टेल ते करताना पाहिलेत.

रिस्पेरिडोनचं द्रवरूप औषध चहात किंवा कोलात मिसळायचं नसतं, त्यांच्याशी ते जुळत नाही. पाणी चालतं. हे माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं आणि जवळजवळ कुणी वाचत नाही. औषध हळूहळू सुटावं म्हणून ज्या गोळ्या बनवलेल्या असतात त्या कुटून घातल्या तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते. क्लोझापिन तर असं देऊच नये. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. रुग्णाला न सांगता दर आठवड्याला रक्त कसं काढणार? शिवाय ४८ तासांहून जास्त खंड पडला तर ते पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावं लागतं. तो दोन दिवस जेवलाच नाही, किंवा ताट परत केलं, तर किती औषध पोटात गेलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. लिथियमचंही तसंच, त्याची औषधाची पातळी आणि विषारी पातळी यांच्यात अंतर फार कमी.

सगळ्यात भीती वाटते ती याची: मान अचानक एका बाजूला पिळवटली, जीभ बाहेर आली, किंवा तापाबरोबर अंग ताठ झालं, आणि त्याला घेऊन धावलेल्या माणसाला काय चालू आहे हे माहीतच नाही. जागतीताई, घरात तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत आहे? निदान एका माणसाच्या हातात औषधाचं नाव आणि मात्रा लिहून द्या. आजच द्या.

जागती

मात्रा, नाव लिहून आत्याकडे दिलं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

परतलेला, तुमचं लिखाण दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा राग आला. रागावूनच लिहिते. औषध न देण्याचं काय होतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिसऱ्या वेळी आम्ही दिलं नव्हतं, त्याच्या मनाचा मान राखला होता. शेवटी चार माणसांनी हात बांधून गाडीत घातलं. तो माझं नाव घेऊन ओरडत होता आणि मी गाडीत पुढे बसले होते. ते विश्वास तोडणं नव्हतं का? थेंबांपेक्षा ते बरं होतं? आणि बाटली सापडली तेव्हा तुमचं डोकं शांत होतं असं तुम्हीच लिहिलंय. ते शांत कशाने झालं होतं?

सांजवेळ

माझे वडील स्मृतिभ्रंशाचे, म्हणून थोडंच बोलते. आमच्याकडेही मिसळून देतो, पण त्यांना सांगितलेलं तासाभरात पुसलं जातं आणि ते परत येणार नाही. ब्रिटनमध्ये अशांसाठी डॉक्टर, परिचारिका, औषधतज्ज्ञ आणि घरचे एकत्र बसून ठरवतात, लिहून ठेवतात, ठराविक काळाने फेरविचार करतात. एकट्या मुलीवर टाकत नाहीत. तुमचा भाऊ मात्र परत येतोय. या दोन गोष्टींना एकच माप लावू नये.

"दिसतच नाही" या तुमच्या शब्दाबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. १९१४ साली पॅरिसमध्ये बाबिन्स्की यांनी अर्धांगवायूचे असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांचा डावा हात लुळा पडला होता आणि हात लुळा आहे हेच त्यांना कळत नव्हतं. या न कळण्याला त्यांनी अनोसोग्नोसिया हे नाव दिलं. स्किझोफ्रेनियातही पुष्कळांना आपण आजारी आहोत हे जाणवत नाही. तो हट्ट नसतो, खोटंही नसतं. हे आधी कळलं असतं तर माझ्या मावशीच्या मुलाशी आम्ही इतकी वर्षं भांडलो नसतो.

एक बहीण

आमच्याकडे कुणी थेंब घातले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्याची तयारी होईपर्यंत थांबा. भाऊ गेला. कोण बरोबर ते मला सांगता येत नाही, पण जागतीला कुणी दोषी धरू नये.

परतलेला

ताई, तुमच्या मनातल्या बहिणीला, आणि वर लिहिलेल्या बहिणीला, आधी नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, थेंबांनीच. आईने ते घातले नसते तर मी आज लिहायला असतो का, मला माहीत नाही, आणि हे मी तिला तोंडाने सांगितलंय. माझा आक्षेप पहिल्या महिन्यावर नाही. पहिले तीन महिने म्हणा, चार म्हणा, आग लागली होती. माझा आक्षेप त्यानंतरच्या अडीच वर्षांवर आहे. माझ्याशी बोलता येत होतं, मी चेष्टामस्करी करत होतो, आणि तरीही कुणी बोललं नाही. कारण चाललंय ते बिघडवायला नको. तुमचा १४ वा महिना आहे. ज्याला मित्राला फोन करता येतो, त्याच्याशी बोलता येतं.

"गोळ्यांशिवाय बरा झालो" याला तुम्ही "हो" म्हणालात तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते. उद्या तुम्ही आजारी पडलात, चार दिवस थेंब चुकले, तो घसरला, तर त्याला वाटणार की आपण कारणाशिवाय घसरलो. तो स्वतःच्याच अनुभवातून काही शिकू शकणार नाही.

काय करता येईल ते माझ्यावर गुदरलं तसं सांगतो. मला आजार मान्य नव्हता, पण झोप हवी होती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ झेवियर अमेडोर, ज्यांच्या स्वतःच्या भावाला हा आजार होता, ते हेच सांगतात की आजार आहे की नाही यावर वाद घालू नका, ऐका, आणि ज्यावर दोघांचं एकमत आहे तिथून सुरुवात करा. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी "स्किझोफ्रेनिया" हा शब्द सहा महिने उच्चारला नाही. "झोपेचं आणि त्या ढकलल्यासारख्या वाटण्याचं बघू" म्हणाले. मग इंजेक्शनवर आलो. महिन्याला एक. आता तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचंही मिळतं. त्यात सगळ्यात मोठा फायदा काय सांगू? रोज रात्री आई माझ्याकडे बघेनाशी झाली.

आणि बरा असताना मी एका कागदावर लिहून ठेवलंय: पुन्हा तसा झालो तर कुठलं औषध चालेल, कुठलं नको, कुणाला बोलवायचं, आणि माझा नकार किती दिवसांनी बाजूला ठेवायचा. आईच्या कपाटात आहे. त्यावर माझी सही आहे. उद्या तिने थेंब घातलेच तर ते माझ्या सांगण्यावरून असतील.

मुलाचा बाबा

कागदाची कल्पना मला रात्रभर सोडवेना. तरी सांगणार नाही असंच आत्ता तरी वाटतं. ४ वर्षांनी सांगायचं म्हणजे ४ वर्षांचा हिशेब द्यायचा. माझी हिंमत होत नाही, हे कबूल करतो. मत बदललं असं मात्र नाही.

मात्रा

एकदम थांबवून मग सांगू, असं कुणी कृपा करून करू नका. आधी डॉक्टर, मग बोलणं. औषध अंगात असतानाच बोलायचं.

जागती

आठ दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, तुम्ही त्याला न बघता १४ महिने लिहून देताय, हे आता मला पेलत नाही. ते थोडे वरमले, मग म्हणाले, त्याला झोपेच्या तपासणीच्या निमित्ताने घेऊन या. मी निमित्त नको म्हणाले. अजून एक खोटं नको. तेव्हा ठरलं की मी त्याला सांगायचं: ज्या डॉक्टरांचा मी तुझ्यासाठी सल्ला घेते, त्यांना भेटायचंय. एवढं खरं आहे.

काल सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "माझ्यासाठी म्हणजे काय काय?" मी म्हटलं, सगळं तिथे सांगते, तुझ्यासमोर सांगते. तो ताट तसंच ठेवून उठला. अर्ध्या तासाने आला आणि जेवला.

मंगळवारची वेळ मिळाली आहे. तोवर थेंब चालू आहेत, आज रात्रीचेही घातलेत. परतलेला, एक विचारायचंय. बाटली मी तिथे सोबत न्यावी का? की आधी नुसतं बोलावं?

परतलेला

न्या. पर्समध्ये ठेवा, त्याने मागितली की लगेच हातात द्या. आणि तो ओरडला तर ओरडू द्या, मध्ये "तुझ्या भल्यासाठी" म्हणू नका. आईने ते पहिल्याच वाक्यात म्हटलं होतं.