आधुनिक प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचा जनक क्लोद बेर्नारच!

रानजाई:
शरीरातल्या क्रिया प्रयोगाने तपासण्याच्या या शास्त्राचा जनक म्हणून एकच नाव घ्यायचं तर मी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ बेर्नारचं घेईन. साखर वनस्पतीच तयार करतात, प्राणी ती फक्त वापरतात, असं त्या काळी मानत. बेर्नारने कुत्र्याला नुसतं मांस खाऊ घातलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. पण तो तिथेच थांबला नाही. १८५५मध्ये नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचं यकृत काढून, साखरेचा मागमूस उरेना तोवर त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडलं आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! म्हणजे ती यकृतातल्याच कशापासून तरी होत होती. १८५७मध्ये तो पदार्थ, ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला रूपातला पदार्थ), त्याने वेगळा काढून दाखवला.

खडूफळा:
प्रयोग अप्रतिम, वादच नाही. पण जनक? जिवंत प्राण्यावर प्रयोग करून उत्तर काढायचं, हे तो फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मजांदीच्या हाताखाली शिकला. मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांची पुढची मुळं हालचालीची, मागची संवेदनेची, हे मजांदीने १८२२मध्येच दाखवलं होतं. आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग कुठे गेला? फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ उमटवणारा कायमोग्राफ त्याचा. लाइपझिगला त्याच्याकडे देशोदेशीचे विद्यार्थी शिकले, पावलोव्हसुद्धा. माझ्या मते शास्त्र उभं राहतं ते मोजमापावर आणि शिष्यांवर.

रानजाई:
लुडविगचं मोठेपण मान्य. पण मजांदी निरीक्षणांचा ढीग रचायचा, सिद्धान्ताचं त्याला वावडं होतं. आधी अटकळ, मग प्रयोग, मग स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी, ही शिस्त बेर्नारने १८६५च्या ग्रंथात मांडली. शिवाय शरीर पेशींभोवतालचं द्रव स्थिर राखतं, ही कल्पनाही त्याचीच. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅननची होमिओस्टॅसिस, म्हणजे शरीराची आतली स्थिती कायम राखण्याची संकल्पना, तिच्यावरच उभी आहे.

काठावरची:
दोघंही एक गोष्ट टाळताय. ते कुत्रे. क्युरारे या वनस्पतिजन्य विषाने स्नायू लुळे पडतात, पण संवेदना शाबूत राहते, हे बेर्नारनेच दाखवलं. म्हणजे न हलणाऱ्या प्राण्यालाही वेदना होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची बायको फॅनी याच कारणासाठी त्याच्या विरोधात उभी राहिली. गौरव करताना हेही लिहा.

रानजाई:
लिहायलाच हवं, आणि त्या वेदनेचं समर्थन मी करणार नाही. पण यकृताच्या त्या प्रयोगात कुत्रं आधीच मेलेलं होतं, आणि माझ्या दाव्याचा मुख्य भर त्याच प्रयोगावर आहे.

खडूफळा:
तरी माझं मत लुडविगलाच. एका माणसाची शिस्त आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी प्रयोगशाळा, यांत मला दुसरी मोठी वाटते.