‘मेड ग्राउंड’ला ‘भराव’ म्हणावं का?

प्रश्न: ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांत माणसाचा हात लागलेल्या जमिनीचे पाच वर्ग असतात. त्यातल्या ‘मेड ग्राउंड’ला मी मराठी अहवालात ‘मानवनिर्मित भूमी’ लिहिलं होतं, पण ते नाव तर पाचही वर्गांना लागू पडतं. ‘भराव’ चालेल?

गिट्टी: चालेल काय, तोच शब्द आहे बावा. मूळ जमिनीवर आणून टाकलं की भराव. उमरेडकडचे ओबीचे (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे) ढीग, नागपुरातल्या भांडेवाडीचा कचऱ्याचा डोंगर, रस्त्याखालचा मुरूम, सगळं त्यात. खोदून नेलं ती जागा वेगळी, ‘वर्क्ड ग्राउंड’. तिला ‘खदान’ म्हणा. नागपूरच्या गिट्टीखदान वस्तीच्या नावातच आहे ते.

काळीपांढरी: रेल्वेसाठी टेकडी कापतात, तिला कोण खदान म्हणेल? ‘खोदीव’ बरं. आणि खोदून पुन्हा भरली की तिसरा वर्ग, तो खरा फसवा. वरून सपाट दिसते, प्लॉट विकला जातो. घराचा अर्धा पाया काळ्या पाषाणावर, अर्धा भरलेल्या मलब्यावर. मलबा दबतो, पाषाण जागचा हलत नाही, भिंतीला तडा. अशा जागेला नुसतं ‘भराव’ लिहून राहिले तर खालचा खड्डा नकाशातून गायब होतो. ‘बुजवलेली’ असा स्वतंत्र शब्द हवाच.

प्रश्नकर्ता: मान्य. चौथा ‘लँडस्केप्ड’. कुठे कापलं नि कुठे भरलं हे वेगळं दाखवता येत नाही, इतका सगळा उतारच बदललेला.

गिट्टी: म्हणजे ले-आउट पाडलेली, प्लॉटांसाठी सारखी केलेली! (हसू नका, नागपुरात कोणालाही कळेल.) पाचवा वर्ग ‘डिस्टर्ब्ड’, जुन्या खाणकामात खड्डे नि ढिगारे एकमेकांत मिसळलेली जागा. तिला ‘उकरलेली’.

काळीपांढरी: माझं अडतं ते ‘भराव’ या शब्दावरच. काळीत पीक, पांढरीत वस्ती, हे आपले जुने शब्द. गावठाणाची पांढरी म्हणजे मातीच्या भिंती, राख, खापरं, शेण यांचा थर. नकाशात ती भरावातच जाईल, पण भराव म्हटलं की कोणीतरी ट्रॅक्टर लावला असं वाटतं. पांढरी कोणी टाकत नाही, माणसं राहता राहता ती साचते.

प्रश्नकर्ता: मग वर्ग ‘भराव’ आणि त्याखाली पोटप्रकार ‘पांढरी’. ‘ले-आउट’ मात्र अहवालात नाही घालणार, तिथे ‘उतार बदललेली’ लिहितो.

गिट्टी: लिहा. कंसात ले-आउट टाका.