'मेड मी टू क्लीन' वर लाल गोल करतो आपण, पण मुलांना कारण कुठल्या भाषेत सांगायचं?

डिचोलीची_बाई
पाचवी ते आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, बहुतेक मुलं मराठी प्राथमिक शाळेतून आलेली. परवा एका वहीत वाक्य आलं, 'माय मदर मेड मी टू क्लीन द रूम'. मी 'टू' वर लाल गोल केला, तर मुलगी म्हणते बाई, 'टोल्ड मी टू क्लीन' ला तुम्ही बरोबरची खूण दिली, मग हे का चुकलं? पुस्तकात उत्तर एवढंच की मेक, लेट, सी, हिअर, वॉच, फील यांच्यानंतर ज्याच्याबद्दल बोलतोय तो मी, हिम, हर आला की पुढचं क्रियापद 'टू' शिवाय घ्यायचं, यादी पाठ करा. मला हे उत्तर तिला देववेना.

रात्री सगळ्या वह्या काढून बसले. 'लेट' मध्ये चूक जवळपास नाहीच, 'लेट मी गो' सगळ्यांचं बरोबर. कारण आपण म्हणतो 'मला जाऊ दे', त्यात 'जायला' कुठेच नाही. पण 'मेक' म्हणजे 'करायला लावलं', आणि तो 'यला' वहीत 'टू' होऊन उतरतो. 'उचलायला मदत केली' मध्येही तसंच, फक्त 'हेल्प' ला 'टू' असलं काय नसलं काय दोन्ही चालतं म्हणून ती चूक धरली जात नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की यादी नंतर, आधी मराठी वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना दाखवा की 'टू' येतो कुठून.

मडगावचा_वाचक
बाई, तुमची तळमळ कळते पण अजिबात पटलं नाही. मराठीतून इंग्रजीत जायची सवय हाच तर मूळ रोग आहे आणि तुम्ही त्याच्यावरच औषध म्हणून आणखी मराठी देताय. 'त्याच्याकडून काम करून घेतलं' याचं काय करणार? त्यात 'यला' नाही, पण इंग्रजीत 'गॉट हिम टू डू इट', तिथे 'टू' लागतंच. 'हसवलं', 'रडवलं' तर एकच शब्द, त्यातून 'मेड मी लाफ' कसं काढणार? माझ्या मुलाला मी एकही नियम शिकवला नाही, रोज रात्री मोठ्याने गोष्टी वाचून दाखवल्या, आता 'मेड मी टू' त्याच्या कानालाच खटकतं.

कळंगुट_रिसेप्शन
वाचक साहेबांशी सहमत. मी मराठी मिडियमचा, हॉटेलात लागलो तेव्हा पाहुणा म्हणायचा 'हॅव हिम कॉल मी' आणि मला वाटायचं याने मधला एखादा शब्द खाल्ला. दोन सीझन ऐकून ऐकून बसलं डोक्यात. आता माझ्याच तोंडून 'आय विल हॅव हिम कॉल यू' निघतं, विचार करावा लागत नाही.

डिचोलीची_बाई
'करून घेतलं' चा मुद्दा मान्य, तिथे माझा हिशोब बसत नाही. पण रोज रात्री इंग्रजी वाचून दाखवणारं घर माझ्या मुलांकडे नाही, आणि हॉटेलचे दोन सीझनही नाहीत. त्यांच्याकडे मराठी आहे, ती वापरू नको म्हणून कसं सांगू?

पेडण्याचा_मास्तर
रिटायर्ड माणूस आहे, जरा लांबण लावतो. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं हे रूप 'टू' शिवाय एकाच शब्दात असायचं, शेवटी 'अन' लागायचं. पुढे ते शेवट झिजले आणि 'टू' पुढे लावायची रीत पसरली, पण मेक, लेट, सी यांच्या मागे ती टिकली नाही. मधल्या काळात 'मेक' ला दोन्ही चालायचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलात 23 व्या स्तोत्रात चक्क 'ही मेकेथ मी टू लाय डाउन' आहे. तेव्हा त्या मुलीचं वाक्य आजच्या इंग्रजीत चूक आहे, पण वेडगळ नाही, हे तिला जरूर सांगा.

दुसरं असं की यादी पाठ केलेली मुलं कर्मणी प्रयोगात पडतात. 'दे मेड मी वेट' पण 'आय वॉज मेड टू वेट'. 'टू' परत येतो! 'सी' चं पण तेच, 'ही वॉज सीन टू एंटर'. 'लेट' चा कर्मणी असा फारसा होतच नाही, तिथे 'वॉज अलाउड टू गो' म्हणावं लागतं. मी वर्षानुवर्षं यादीच शिकवली आणि मुलांचे मार्क याच प्रश्नात गेलेले बघितले.

चोडणकर
'सी' बद्दल कोणीच बोललं नाही. रायबंदरच्या धक्क्यावर रोज उभा असतो म्हणून सांगतो. 'आय सॉ द फेरी लीव्हिंग' म्हणजे रॅम्प उचलला, बोट हलायला लागली तेवढं दिसलं, पुढे ती चोडणला पोचली की परत फिरली हे वाक्य सांगत नाही. 'आय सॉ द फेरी लीव्ह' म्हणजे सुटून गेलेली पूर्ण पाहिली, आता पुढच्या फेरीची वाट बघा. मराठीत आपण दोन्हीला 'सुटताना पाहिली' म्हणून मोकळे होतो, म्हणून मुलं सगळीकडे 'इंग' लावतात. इथे बाईंची मराठी कामाची नाही.

डिचोलीची_बाई
चोडणकर, उलट इथेच ती जास्त कामाची! 'फेरी सुटली ती मी पाहिली' आणि 'फेरी सुटत होती ती मी पाहिली', दोन्ही आपल्याकडे आहेत की. 'ताना' वर थांबायचं नाही एवढंच. तुमचं हे धक्क्यावरचं उदाहरण मी वर्गात घेणार आहे, माझ्याकडे फेरीच्या धक्क्याजवळच्या नार्वे गावची दोन मुलं येतात, त्यांना लगेच कळेल.

मडगावचा_वाचक
मी माझ्या मतावर आहे. फळ्यावर समजलं म्हणजे तोंडात आलं असं होत नाही. एक करा, मराठीतून समजावून सांगा, मग महिनाभर तो विषयच काढू नका आणि एक दिवस अचानक 'आईने मला काय काय करायला लावलं' असा निबंध लिहायला द्या. किती जणांचा 'टू' गेला ते इथे लिहा, मग बोलू.

डिचोलीची_बाई
घेते. चवथीची सुट्टी संपून मुलं परत आली की निबंध देते, आणि 'करून घेतलं' ची वाक्यं पण त्यात येतील असा विषय काढते. 'मेक' सुधारून 'गेट' चा 'टू' पण मुलांनी गाळला तर तेही लिहीन.