मदत हवी आहे: गुडघ्याला बिजागरी लावली, लेक म्हणते चुकलं

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. फर्निचरचं काम करतो. लेक सहावीला आहे, शुक्रवारी तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. विषय 'शरीरातले सांधे' निघाला तेव्हा म्हणलं, हे तर आपलंच काम! जन्म सांधे जुळवण्यातच गेला.

खांदा अन् खुबा जमला. सागवानी गोळा, त्याला वाटीसारखी खाच, उखळीचा सांधा तयार. खांद्याची वाटी उथळ ठेवली, खुब्याची खोल. उथळ म्हणून खांदा चौफेर फिरतो अन् निखळतोही लवकर. कवटीसाठी फळीवर नागमोडी करवत मारून तुकडे एकमेकांत बसवले, हलायचं नाव नाही. कोपर अन् गुडघ्याला मात्र सरळ अडीच इंची बिजागरी ठोकली. पुस्तकात तसंच आहे.

तर ही पोरगी खुर्चीवर बसली, गुडघा वाकवला, मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली अन् पाऊल डावी-उजवीकडं फिरवून दाखवलं. मी नडगीवर हात ठेवून बघितलं. घोटा नाही, नडगीच फिरत होती. "बाबा, तुमची बिजागरी अशी फिरते का?" मग कोपर टेबलावर टेकवून तळहात उताणा-पालथा केला. मी गप.

पुस्तक चुकलं का मी? अन् करू काय आता? लाकूड, चामडं, ट्यूब, सगळं दुकानात आहे. डॉक्टरी भाषा नको, मिस्त्रीला कळेल असं सांगा.

गोदाकाठ (नांदेड)
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. लेक बरोबर आहे आणि पुस्तकही फार चुकलेलं नाही, गुडघ्याचं मुख्य काम बिजागरीचंच. पण त्यात पिन नाही. मांडीच्या हाडाला खाली दोन गोळे असतात, ते नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या. हाडं धरून ठेवतात ते चार मजबूत बंध: दोन बाजूंना, दोन आत एकमेकांवर फुलीसारखे. पाय सरळ असताना हे बंध ताणलेले, म्हणून गुडघा फिरत नाही. वाकवला की सैल पडतात आणि नडगीला थोडी मोकळीक मिळते. लेकीला उभं राहून फिरवायला सांगा, आता फिरेल तो अख्खा पाय, खुब्यातून.

कोपराचं वेगळं. तिथं बिजागरी राहू द्या. पण खाली एक दांडी नको, दोन लावा. अंगठ्याकडच्या हाडाचं गोल डोकं कोपरापाशी एका कड्यात फिरतं, हा खिळीचा सांधा. तळहात पालथा झाला की ते हाड दुसऱ्याला ओलांडून तिरकं जातं. तुम्ही उजव्या हातानं स्क्रू आवळता ना, ती हीच हालचाल. आवळताना दंडावर डावा हात ठेवून बघा, बेटकुळी फुगते. ती नुसती कोपर वाकवायला नसते.

जात्यावरची_आजी
खिळीचा सांधा म्हणजे आमचं जातं की! खालच्या तळीत खीळ, वरची त्याच्याभोवती गरगर. मानेतही तसाच आहे. पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून 'नाही नाही' म्हणता येतं. अंगठ्याच्या बुडाशी खोगीर सांधा असतो, तो विसरू नका. तो नसता तर भाकरी थापली असती, पण तुकडा मोडता आला नसता.

धागाकर्ता
आजी 😀 खोगीर उद्या कोरतो. बेटकुळीचं तपासलं, खरंय! तीस वर्षं स्क्रू आवळतोय, कधी लक्षातच आलं नाही. गुडघ्याचे बंध सायकलच्या ट्यूबचे करू का?

गोदाकाठ (नांदेड)
रबर नको, फार ताणतं. आपले बंध इतके ताणत नाहीत, ताणले तर इजा होते. जुन्या पट्ट्याचं चामडं घ्या.

धागाकर्ता
चामडं लावलं, आत फुलीही दिली. वाकवल्यावर नडगी फिरते, झकास. पण सरळ केल्यावर घट्ट बसत नाही, लडबडते. दोन्ही गोळे मापात एकसारखे आहेत, कॅलिपर लावून बघितले.

गोदाकाठ (नांदेड)
तिथंच गोम आहे. एकसारखे करू नका, आतल्या अंगाच्या गोळ्याचा टेकणारा भाग थोडा लांब ठेवा. पाय पूर्ण सरळ होताना शेवटी नडगी किंचित बाहेर वळते आणि गुडघा कुलूप लावल्यासारखा बसतो. रंधा बाहेरच्या गोळ्यावर मारा, आतल्याला हात लावू नका.